दवाखाना सुधारतो तो माणसांच्या हातून



आज मी आपल्याशी दवाखान्याविषयी चार शब्द बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कोणत्या दुखण्यावर कोणते औषध, हे काही मी सांगणार नाही. मी शाळामास्तर. सारी नोकरी फळा आणि खडू यांच्या संगतीत गेली. निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीवर माझे नाव घातले गेले, आणि वयाच्या साठीनंतर मी दवाखान्याचे आवार आतून पाहू लागलो. तेथे पहिल्याच दिवशी जे पाहिले, त्याने मला विचारात पाडले. आजचे हे भाषण म्हणजे त्या विचाराचेच फळ आहे.

बैठक संपल्यावर मी दवाखान्यातून एक फेरी मारली. बाळंतिणींच्या खोलीच्या कोपऱ्यात पांढरी चादर पांघरलेले काहीतरी उभे होते. चादर उचलून पाहिली. कमी वजनाच्या किंवा गारठलेल्या बाळाला ऊब देण्याचे ते यंत्र होते. दवाखान्यात सगळे त्याला वॉर्मर म्हणतात. त्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा कोणी काढलेला नव्हता.

मी विचारले, "सिस्टर, हे बिघडलं आहे का?"

"नाही गुरुजी, चांगलं आहे. पण ज्या सिस्टरना ते चालवायला शिकवलं होतं, त्यांची बदली झाली."

"मग जाताना त्यांनी दुसऱ्या कोणाला शिकवलं नाही?"

"तसं कोणी सांगितलंच नाही, गुरुजी."

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या वाडीतील एक बाळ त्या दवाखान्यात जन्मले होते. वजन फार कमी. थंडीचे दिवस. बाळाला गोधडीत गुंडाळून जीपने जिल्ह्याच्या गावी नेले. रस्ता दोन तासांचा. बाळ तेथे पोहोचले, पण वाचले नाही. यंत्र चालू असते तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. ते ठरविणारा मी कोण? पण बाळापासून चार पावलांवर ऊब उभी होती आणि तिच्यावर चादर होती, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

श्रोतेहो, यंत्र सरकारने दिले होते. वीज होती. खोली होती. नव्हते एवढेच, की ते चालविणारा शिकलेला हात. आपण दवाखान्याची सुधारणा म्हटली की इमारत, यंत्र आणि औषध यांचा हिशेब करतो. ते लागतेच. पण नवी सोय ट्रकमधून उतरली म्हणजे दवाखान्यात आली, असे होत नाही. ती माणसाच्या हातात उतरावी लागते. हा हात तयार करण्याच्या विद्येला आजकाल 'मनुष्यबळ व्यवस्थापन' असे भारदस्त नाव आहे. नावाला भिऊ नका. माणूस निवडावा कसा, त्याला शिकवावे कसे, काम वाटून द्यावे कसे, त्याचे ऐकावे कसे आणि तो टिकावा कसा, एवढे पाचच प्रश्न त्यात आहेत. आपल्या शाळामास्तरांना हे पाचही प्रश्न चांगले ओळखीचे आहेत. या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी नीट शोधली, त्यांच्या हातून दवाखान्यात नव्या गोष्टी घडल्या. एकेक उदाहरण घेऊन पाहू.

पहिला प्रश्न निवडीचा. त्यासाठी आपण जामखेडला जाऊ. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. दोघांचे शिक्षण वेल्लोरचे, पुढचे अमेरिकेतले. मनात आणते तर मोठ्या शहरात मोठा दवाखाना थाटते. त्यांनी जामखेडात दवाखाना काढला, आणि लवकरच त्यांच्या ध्यानात आले, की दवाखान्यात येणारी बहुतेक दुखणी गावातच रोखता आली असती. हगवण, धनुर्वात, अडलेले बाळंतपण, उपासमारीने खंगलेली मुले. मग गावात कोणाला पाठवावे? आधी शिकलेल्या नर्सबाई पाठवून पाहिल्या. ते नीट जमेना. परगावची एकटी तरुण मुलगी. तिला गाव परके आणि गावाला ती परकी. बायका तिच्याजवळ मोकळेपणी बोलेनात.

तेव्हा त्यांनी निवडीची रीतच उलटी केली. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी, असे ठरविले. त्या बायका बहुधा निरक्षर होत्या. कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, ज्यांना तोवर कोणी ओसरीवरसुद्धा बसू दिले नव्हते. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, एकमेकींचे अनुभव ऐकायच्या आणि परत गावी जाऊन ते काम करायच्या. आता तुम्ही म्हणाल, अक्षरओळख नसलेली बाई काय डोंबल दवाखाना चालवणार? पण पाहा. कोणत्या घरात सून गरोदर आहे, कोणाचे मूल दोन दिवस पाणी पीत नाही, कोणत्या विहिरीचे पाणी गढूळ झाले, हे डॉक्टरला कळायच्या आधी तिला कळते. कारण ती त्याच पाणवठ्यावर असते. साखर-मिठाचे पाणी कसे करायचे, नाळ स्वच्छ पात्याने कापायची, गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोचून घ्यायला लावायची, हे ती सांगते आणि तिचे ऐकले जाते. परिणाम काय झाला? 1971 साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांतली 176 मुले वर्षाच्या आत दगावत होती. 1976 साली तो आकडा 52 वर आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यात यंत्राचा वाटा किती होता? थोडा. माणूस नीट निवडला, हीच तेथली नवी युक्ती.

दुसरा प्रश्न शिकवण्याचा, आणि येथे शिक्षक बंधुभगिनींनी जरा कान द्यावा. आता जामखेडहून महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला, गडचिरोलीला जाऊ. तेथे 1986 साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. लहान मुले न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे मुलाचा श्वास फार भराभर चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाला, आणि त्याहून मोठ्या तान्ह्या मुलाचा पन्नास किंवा अधिक झाला, तर धोका समजावा. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही. घड्याळ कळत नाही. मग काय करावे? आधी तिला अंकगणित शिकवत बसावे, आणि तोवर मुले मरू द्यावीत?

त्यांनी तिला येते तेथून सुरुवात केली. एका पाटीवर वाळूचे मिनिटभराचे घड्याळ बसविले आणि शेजारी मणी ओवले. सुईणीने दहापर्यंत मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की मुलाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे. मंडळी, मी इतकी वर्षे पाढे घोकून घेतले. पण शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याच्या पायरीवर उतरावे हे इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितले नव्हते. जिला आपण अडाणी म्हणतो, तिच्या हाती योग्य साधन दिले तर ती डॉक्टरचे एक काम डॉक्टरइतकेच नीट करते.

पुढे याच रीतीने त्यांनी नुकत्या जन्मलेल्या बाळांचा प्रश्न हाती घेतला. 39 गावांत प्रत्येकी एक बाई निवडून तिला शिकविले. बाळाला ऊब कशी द्यावी, अंगावर कधी पाजावे, श्वास अडकला तर काय करावे, बाळाच्या रक्तात जंतू पसरल्याची लक्षणे कोणती, आणि मग इंजेक्शन कसे टोचावे, इथपर्यंत. गावच्या बाईने बाळाला इंजेक्शन द्यायचे, ही गोष्ट सहज पचण्याजोगी नव्हती. म्हणून शिकवून मोकळे न होता, देखरेख करणारे लोक वरचेवर गावात जाऊन तिचे काम तपासत आणि चुकले तर तेथेच पुन्हा दाखवीत. शेजारच्या 47 गावांत पूर्वीचीच व्यवस्था होती, म्हणजे तुलना करता आली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांच्या मृत्यूंत 62 टक्के घट झाली. 1999 साली 'लॅन्सेट' या विलायतेच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. 2011 साली भारत सरकारने घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचा हा मार्ग देशभर स्वीकारला, आणि आज आशाताई ज्या ठराविक दिवशी तुमच्या दारी येऊन बाळाचे वजन करते, ताप पाहते, तिचे मूळ त्या गावांत आहे. म्हणून ती दारात आली तर 'नंतर ये' म्हणू नका.

तिसरा प्रश्न काम वाटून देण्याचा. तो समजून घ्यायला महाराष्ट्राबाहेर, तमिळनाडूत मदुराईला जावे लागेल. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे डोळ्यांचे डॉक्टर. 1918 सालचा जन्म. तरुणपणी संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली. अशा हातांनी त्यांनी शस्त्रक्रिया करण्याचा सराव केला आणि हजारो मोतीबिंदू काढले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, 1976 साली, त्यांनी एका घरात अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ज्या वयात माणसे पेन्शन घेऊन कट्ट्यावर बसतात त्या वयात.

मोतीबिंदूने आंधळी झालेली माणसे लाखोंनी, आणि डॉक्टर मोजके. डॉक्टर तर एका दिवसात वाढत नाहीत. मग वेंकटस्वामींनी डॉक्टरच्या दिवसाचे काम तपासले. शस्त्रक्रियेची वेळ खरे तर थोड्या मिनिटांची. बाकीचा वेळ कशात जातो? डोळा धुण्यात, औषधाचे थेंब टाकण्यात, रुग्णाला टेबलावर नीट निजविण्यात, पट्टी बांधण्यात, नोंदी करण्यात. यातले पुष्कळसे काम दुसरा शिकलेला माणूस करू शकतो. तेव्हा त्यांनी खेड्यापाड्यांतल्या, शाळा पुरी केलेल्या मुली निवडल्या. त्यांना दोन वर्षे शिकविले. दृष्टी तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, शस्त्रक्रियेच्या वेळी मदत करणे, रुग्णाला धीर देणे. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरच्या दोन बाजूंना दोन टेबले ठेवली. एका टेबलावर काम चालू असता दुसऱ्यावरचा रुग्ण या मुली तयार ठेवतात. एक झाले की डॉक्टर वळतात, सूक्ष्मदर्शक वळतो, दुसरे सुरू. सुगीच्या दिवसांत मळणी चालते तेव्हा एक जण कणसे पुरवतो, एक जण भुसा बाजूला सारतो, म्हणून यंत्र थांबत नाही. तसेच हे. त्यामुळे तेथला एक डॉक्टर इतर ठिकाणच्या डॉक्टरच्या कितीतरी पट शस्त्रक्रिया करतो, आणि घाईने काम बिघडवून नव्हे.

त्याचा फायदा कोणाला झाला? गरिबाला. पैसे देणाऱ्यांच्या पैशातून न देऊ शकणाऱ्यांचे डोळे उघडतात. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग फार महाग पडे. 1992 साली त्यांनी ते भिंग स्वतःच बनविण्याचा कारखाना काढला आणि किंमत गरिबाच्या आवाक्यात आणली. तेथेही खेड्यांतल्या शिकविलेल्या मुली काम करतात. अकरा खाटांचे ते घर आज जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्रसेवांपैकी एक झाले आहे. ज्याला जे येते ते काम त्याला द्यावे, आणि डॉक्टरला फक्त डॉक्टरचेच काम उरावे, या साध्या वाटणीतून ते उभे राहिले.

चौथा प्रश्न ऐकण्याचा. आतापर्यंत आपण शिकविण्याच्या गोष्टी केल्या. पण दवाखान्यातील खालच्या माणसाला जे दिसते, ते वरच्याच्या कानापर्यंत जाते का? याचे उत्तर एका कागदात आहे. 2008 साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी 19 प्रश्नांची एक यादी तयार केली. तिच्यामागे डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतील शल्यचिकित्सक होते. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, म्हणून हे नाव तुमच्या कानाला ओळखीचे वाटेल. यादीतले प्रश्न अगदी साधे. रुग्ण तोच आहे ना? शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? शेवटी रुग्णाला खोलीबाहेर नेण्यापूर्वी सगळी उपकरणे, कापडाचे तुकडे मोजले का? आणि एक गंमतीचा कलम आहे. सुरुवातीस त्या खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावयाचे. डॉक्टरने, परिचारिकेने, भूल देणाऱ्याने.

नाव सांगण्याने रोग कसा बरा होईल? असे वाटणे साहजिक आहे. पण ज्याने एकदा तोंड उघडून आपले नाव सांगितले, तो पुढे चूक दिसली तर बोलतो. मुकाट उभा राहिलेला बोलत नाही. वर्गात पहिल्या दिवशी नाव सांगणारे मूल पुढे हात वर करते, हे आम्हा शिक्षकांना काय नवीन आहे? ही यादी नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शंभरात दीडवरून शंभरात एकाच्याही आत आले. 2009 साली हे आकडे प्रसिद्ध झाले.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही ऐकावी. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ही यादी सक्तीने लागू झाली. तेथल्या 101 रुग्णालयांची पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कागद तोच, प्रश्न तेच. पुष्कळ जाणकारांनी त्यावरून धडा घेतला तो असा, की हुकमाने खुणा करून घेता येतात, बोलणे सुरू करून घेता येत नाही. यादीवर टिक करणे आणि एकमेकांचे ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या दवाखान्यातली एक लहानशी गोष्ट सांगतो. एका बैठकीला मी हट्टाने आयामावशींना बोलावून घेतले. आधी त्या दारातच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "मावशी, आत या, खुर्चीवर बसा. तुम्हाला काय अडचण दिसते ते सांगा." बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "गुरुजी, रातच्याला बाई घेऊन येत्यात, अन् बाळंतपणाची खोली कुठं हाय ते कळत न्हाई. पाटी हाय, पण वाचायला येतंय कुणाला? चार दारं हिंडत्यात." बस, एवढेच. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी पुढच्या आठवड्यात त्या दारावर आई आणि बाळ यांचे मोठे चित्र काढले. फाटकापासून तेथपर्यंत भिंतीवर लाल पट्टा ओढला. रंगापुरता खर्च. आता अडलेल्या बाईला घेऊन कोणी चार दारे हिंडत नाही. डॉक्टरांना ही गोष्ट कधी सुचली नसती. कारण डॉक्टर रात्री फाटकातून भांबावून कधी आत येत नाहीत. नवी युक्ती नेहमी परदेशातूनच यावी लागते असे नाही. कधी ती झाडू मारणाऱ्याच्या तोंडात अडकून बसलेली असते.

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड. माणूस टिकावा कसा? तुम्ही चांगला माणूस निवडला, शिकविला, त्याला काम दिले, त्याचे ऐकले. आणि सहा महिन्यांनी तो गेला, तर पुन्हा यंत्रावर चादर पडली. खेड्यातल्या दवाखान्यात राहायला धड खोली नाही, मुलांच्या शाळेची सोय नाही, कित्येक जण वर्षानुवर्षे कंत्राटावर. अशा वेळी माणूस मनाने तेथे राहत नाही. आशाताईंचेच पाहा. 2005 साली ही योजना सुरू झाली. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा कार्यकर्त्यांचा जागतिक सन्मान केला. आणि 2023 साली याच महाराष्ट्रात त्यांना आपल्या मोबदल्यासाठी संप करावा लागला. अंगावर शाल आणि ताटात अर्धी भाकर, हे फार दिवस चालत नाही. ज्यांच्या बळावर आपण बाळे वाचविली असे म्हणतो, त्यांचे घर चालते का, हे पाहणे म्हणजे काही त्यांच्यावर उपकार नव्हेत. तो सुधारणेचाच भाग आहे. मानधन वाढविण्याची मागणी कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण ती मागणी दवाखान्याच्या सुधारणेच्या बाहेरची आहे, असे म्हणता येणार नाही.

आता पुन्हा त्या चादरीकडे येतो. आमच्या समितीने वैद्यकीय अधीक्षकांना विनंती केली, की प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या कोणीही परत आल्यावर महिनाभरात आणखी दोघांना ते शिकवावे, आणि कोणाला शिकविले हे एका वहीत लिहावे. त्या वहीखेरीज बदलीच्या वेळचा कार्यभार पूर्ण झाला असे समजू नये. अधीक्षक चांगले होते, त्यांनी मानले. जिल्ह्याच्या गावाहून एक अनुभवी सिस्टर दोन दिवस येऊन राहिल्या. प्लॅस्टिकचा कागद काढला, कापडाची बाहुली बाळ म्हणून ठेवली आणि चार जणींना शिकविले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाहुलीवर पुन्हा सराव होतो. पहिल्या सरावाला एक जुन्या सिस्टर रडल्या. मी कारण विचारले नाही. मला ते ठाऊक होते.

आता सारे ठीक झाले, असे समजू नका. त्या चार जणींतल्या एकीची बदली झाली आहे, दुसरी जाण्याच्या वाटेवर आहे. वहीत नावे वाढवत राहावी लागतात. रोज पाणी भरावे तसे हे काम. एक दिवस चुकला तर हंडा रिकामा.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, यात आम्ही काय करायचे? पुष्कळ करता येईल. पुढच्या ग्रामसभेत किंवा तुमच्या दवाखान्याच्या समितीत तीन प्रश्न विचारा. आपल्या दवाखान्यात कोणकोणती यंत्रे आहेत, आणि त्यातले प्रत्येक चालविता येणारी माणसे किती आहेत? एकच असेल, तर दुसरे कधी तयार होणार? आणि दवाखान्यातल्या आया, शिपाई, परिचारिका यांना वर्षातून एकदा तरी कोणी विचारले का, की काय बदलावे? प्रश्न विचारताना आवाज चढवू नका. चढलेल्या आवाजाला लोक उत्तर देत नाहीत, सबबी देतात.

ज्यांच्या गावात नर्सबाई, आशाताई किंवा नवे डॉक्टर येऊन राहिले आहेत, त्यांनी शेजारधर्म पाळावा. राहायला नीट खोली मिळवून द्यावी. रात्री बोलावणे आले तर सोबतीला एक माणूस द्यावा. उपचारात काही चुकले असे वाटले तर लेखी तक्रार करावी. पण दवाखान्याच्या दारात आरडाओरडा आणि मारहाण करू नये. मारहाण झालेल्या दवाखान्यात पुढे कोणी शिकलेला माणूस यायला तयार होत नाही, आणि त्याचा भुर्दंड आपल्याच लेकी-सुनांना पडतो.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटचा शब्द. मदुराईच्या त्या मुली, गडचिरोलीच्या त्या बायका, कोणाच्या तरी शाळेच्या आवारातूनच गेल्या. काही तर शाळेच्या दारापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी असते, की कोणी पडले तर आधी धावते, रक्त पाहून घाबरत नाही, लहानग्याला उचलून घेते. पहिल्या नंबरातली नसेलही. तिला नर्सिंगची वाट दाखवा. तिच्या आईवडिलांना घरी जाऊन भेटा. दवाखान्याला ज्या हातांची वाट पाहावी लागते, ते हात आज तुमच्यासमोर बाकावर पाटी-पेन्सिल घेऊन बसले आहेत. त्यांना ओळखणे हे डॉक्टरचे काम नव्हे, आपले आहे.